श्रीखालचं नाव
परवा कपाट आवरताना शाईची जुनी बाटली लवंडली आणि त्या वासाबरोबर मंगळवार बाजार आठवला. वडील श्रीपूरच्या साखर कारखान्यात नोकरीला असताना एक हिरवं, सोनेरी टोपणाचं शाईपेन वापरायचे. ते हरवलं होतं. तसंच पेन शोधून त्यांना पंचाहत्तरीला द्यायचं, असं मी ठरवलं. धाकटी बहीण त्यांची लाडकी. ती पुण्याहून नुसती येणार म्हटलं तरी त्यांचा चेहरा उजळायचा. एकदा तरी तो माझ्यामुळे उजळावा, एवढंच मला हवं होतं. कितीतरी मंगळवार मी गंजलेली कुलुपं, बंद घड्याळं आणि चष्म्यांचे ढीग उपसत हिंडले. शेवटी एका म्हाताऱ्या विक्रेत्यानं बिस्किटाच्या डब्यातून हवं तसं पेन काढलं. "घेऊन जावा ताई, लई हुडकलं की तुमी," तो म्हणाला. घरी येऊन मी ते कोमट पाण्यानं धुतलं, शाई भरली. वाढदिवसाला वडिलांनी ते हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा खरंच उजळला. "अगं, हे कुठं सापडलं तुला?" नव्या पेनानं आधी श्री लिहायचं, मग मनात येईल ते, अशी आमच्याकडची रीत. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला श्री लिहिलं आणि खाली वळणदार अक्षरांत धाकटीचं नाव. "बघ, किती सुरेख उतरतंय," म्हणत त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. "छान," मी म्हणाले आणि चहा टाकायला उठले. वडील आता नाहीत, आणि धाकटीला यातलं काहीच ठाऊक नाही. तरी तिचा फोन वाजला की मी आधी हातातलं काम संपवते.