माळावरचा काळा दगड

मी तालुक्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतो. परवा दुपारी साठीच्या एक बाई प्रयोगशाळेत आल्या आणि त्यांनी नारळाएवढा काळा दगड टेबलावर ठेवला. त्यांचा नवरा माळावर मेंढरं राखायचा. एका तिन्हीसांजेला त्यानं आकाशातून काहीतरी जळत पडताना पाहिलं, आणि पुढं कित्येक वर्षं तो माळ धुंडाळत राहिला. शेवटी हा दगड सापडला. गेल्या महिन्यात तो वारला.

दगड जड होता, लोहचुंबकही चिकटला. क्षणभर मलाही आशा वाटली. पण एक कोपरा घासला, तर आत पावासारखी बारीक भोकं दिसली. उल्कापाषाणात ती सहसा नसतात. ही लोखंड वितळवताना भट्टीतून निघणारी मळी होती.

"म्हंजे धनी खोटं सांगत होते?" बाईंनी विचारलं.

"नाही. त्यांनी पाहिलं ते खरंच असेल. पण ते हे नव्हे."

"मग ते कुठं हाय?"

आमचा सगळा मुलूखच काळ्या दगडांचा. त्यात वरून आलेला एक दगड, पावसापाण्यात गंजत गेलेला, कोण ओळखणार? माणसाला एखादंच लखलखीत काही दिसतं, आणि उरलेला जन्म तो भलत्याच गोष्टीवर हात ठेवून 'हेच ते' म्हणत राहतो.

"आता सापडणार नाही," एवढंच म्हणालो.

बाई उठल्या. "धनी असताना आणला न्हाई, बरं झालं," म्हणाल्या, आणि दगड तिथंच ठेवून एसटी गाठायला निघाल्या.