कांडीकाकू डोळे मिटायची

कांडीकाकूला ऐकू यायचं नाही, पण तिच्यासमोर मनातल्या मनात पुटपुटायचीही सोय नव्हती. धामणकर नाक्यामागच्या कापडाच्या कारखान्यात ती लूमला लागणाऱ्या दोऱ्याच्या कांड्या भरायची. त्या खडखडाटात कुणी ओरडत नाही. ओठ हलवायचे, समोरच्याने वाचायचे. वीस वर्षांत कान गेले, ओठ वाचणं राहिलं. राहायची आमच्या शेजारी.

मी नववीत असताना वर्गातल्या मुलांनी माझ्या गॅदरिंगच्या नाचाचा रील केला. खाली कमेंटमध्ये माझ्या अंगाबद्दल काय काय लिहिलं, ते मी इतकं वाचलं की पाठ झालं. मुख्याध्यापक बाबांना म्हणाले, "मुलीला मोबाइल देताच कशाला?" रील टाकणाऱ्यांना कुणी शब्दानं विचारलं नाही. मोबाइल जप्त झाला तो माझा. हे लिहितानाही माझं डोकं फिरतं.

एका दुपारी ओट्यावर मी आवाज न काढता पुटपुटत होते. समोर तांदूळ निवडणारी काकू उठली आणि तिने माझी हनुवटी धरली.

"परत बोल."

"काही नाही, काकू."

"न्हाय कसं? 'मी नसले तर सुटतील सगळे', बोललीस तू."

मला तसंच धरून ती आईकडे गेली. "पोरगी मरायचं बोलतेय, नि तू अशक्तपणा समजून तिला बदाम भिजवून देतेस?"

"हळू गं, लोक ऐकतील."

"ऐकू दे. मला तरी कुठं ऐकू येतंय?"

दुसऱ्या दिवशी ड्युटी बुडवून तिने आम्हा दोघींना सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथून थेट शाळेत. "धागा तुटला तर आम्ही लूम थांबवतो, साहेब. तुमच्याकडं पोरगी तुटली तरी चालूच?"

मुख्याध्यापक समजावायला लागले, 'मुलं आहेत, मस्करी करतात.' काकू कचेरीतल्या बाकावर बसली आणि तिने डोळे मिटले. ते बोलायला लागले की ही डोळे मिटायची. आता हिला समजावणार कसं? त्या मुलांना बोलावून रील उतरवला, तेव्हाच उठली.

कारखाना बंद पडल्यावर ती अंबाडीला लेकाकडे गेली. मी आता शाळाशाळांत याच विषयावर बोलत फिरते. रविवारी तिला व्हिडिओ कॉल करते आणि नुसते ओठ हलवते. गेल्या रविवारी सांगितलं, आठवीतल्या एका मुलीचं तसंच झालंय, आणि तिच्या शाळेनंही विचारलं, मोबाइल देताच कशाला.

"मग तू काय केलंस?"

"भांडले. निघून आले."

"निघून कशाला आलीस? बाक न्हाय काय त्यांच्याकडं?"

बाक आहे. उद्या सकाळी शाळा उघडताच जाऊन बसणार आहे.