शंखाच्या ओठावरची खाच

गोगलगाय सरांच्या हातात कुठलीही वस्तू द्या, ते आधी तिचं तोंड बघायचे. चहाचा कप आला की कडेवरून बोट फिरवायचे, पितळी तांब्या दिसला की उचलून आत डोकावायचे. एकदा आमच्या घरी सौभाग्यवतीनं करंज्या ठेवल्या, तर सर एक करंजी उजेडात धरून मुरड निरखत बसले. ती बिचारी घाबरली, म्हणाली, "काही पडलंय का हो त्यात?" सर म्हणाले, "नाही वहिनी, कड फार सुरेख घातलीत." त्या दिवसापासून आमच्या घरात सरांचा शब्द खाली पडेनासा झाला.

सर नगरच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत. आपल्या जिल्ह्यात जमिनीखाली जावं तिकडे काळा पाषाण, आणि या गृहस्थांचा जीव अडकलेला कच्छात. तिथं कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्र होता, प्रवाळांचे खडक होते आणि त्या खडकांच्या आसऱ्यानं राहणाऱ्या समुद्री गोगलगायी होत्या. त्यांचे दगड झालेले शंख सर दर दिवाळीच्या सुट्टीत पोत्यातून घेऊन येत आणि वर्षभर त्यांची घराणी लावत बसत. 'गोगलगाय सर' हे नाव त्यांना विद्यार्थ्यांनी दिलं होतं. सरांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं.

माझा कापडबाजाराजवळ फोटो स्टुडिओ होता. एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमारास सर पहिल्यांदा आले ते बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन. म्हणाले, "एकाच व्यक्तीचे सहा फोटो हवेत." मी खुर्ची पुसली. सरांनी डबा उघडला आणि कापसातून सुपारीएवढा शंख काढून खुर्चीवर ठेवला! मला हसावं की रागवावं कळेना. मग त्यांनी खिशातून नवसागराची पुडी काढली. कल्हईवाल्याकडून आणली होती. ती तापवून त्या पांढऱ्या धुरावर त्यांनी शंख धरला, तेव्हा दगडाचे डाग झाकले गेले आणि अंगावरची एकेक रेघ उठून दिसू लागली. उजेड कायम वरून, डाव्या हाताचा. शेंडा वर, तोंड आपल्याकडे. नवरीमुलीचा फोटो काढतानाही मी इतका छळलो गेलो नव्हतो.

"याचं नाव काय, सर?" मी विचारलं.

"नाव शेवटी, फोटोवाले. आधी वेढे मोजा. मग रेघा बघा. मग तोंड. शेजारच्यापेक्षा हा तीन बाबतींत वेगळा आहे हे दाखवता आलं, तर नावाचा विचार."

हा माणूस कुणाला हिडीसफिडीस करत नसे. दुष्काळाच्या साली सुप्याकडचा एक शेतकरी धोतराच्या सोग्यात दगड बांधून थेट माझ्या स्टुडिओत आला, कारण सर तिथं असतात असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. "सर, खडी फोडताना गावला. ह्यात गोगलगाय हाय का न्हाई बगा. लई दिस जपून ठिवलाय." पाषाण लाव्ह्याचा, त्यात गोगलगाय कुठून येणार? मी ते बोलूनही टाकलं. सरांनी मात्र भिंग लावून तो दगड चारी अंगांनी पाहिला, आत गारेची चक्री कशी बसते ते त्याला समजावलं आणि म्हणाले, "यात नाही. पण खडी फोडता फोडता तुम्ही थांबून बघितलंत, मला त्याचंच कौतुक वाटतं." तो गडी खुशीत गेला.

चार वर्षांच्या खेपांनंतर सरांना एक शंख असा मिळाला, की त्यांची झोपच उडाली. नवी जात आहे, असं ते आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. त्यांची एकच इच्छा होती. तो शंख नगरच्या कॉलेजच्या कपाटात राहावा, आणि तो बघायला बाहेरच्या लोकांनी इथं यावं. "आपल्या पोरांनी समुद्र पाहिलेला नाही हो. निदान एक शंख तरी त्यांचा स्वतःचा असू दे." कलकत्त्याच्या एका तज्ज्ञांनी फोटोंवरून मान्यता दिली, की काम झालं. मी फोटो काढले. सरांना त्याच रात्रीच्या गाडीनं कच्छला निघायचं होतं. म्हणाले, "प्रिंटा तुम्हीच पोस्टात टाका. तुमच्यावर भरवसा आहे."

आता माझं कर्तृत्व ऐका. रिटचिंगमध्ये माझा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. मुरुमं, देवीचे व्रण, सगळं मी निगेटिव्हवर पेन्सिल चालवून घालवत असे. शंखाच्या ओठावर मला एक बारीक चीर दिसली. टवका उडालाय, असं समजून मी ती अशी बुजवली, की ब्रह्मदेवाला पत्ता लागू नये. फुकट बुजवली, वर स्वतःवरच खूश झालो.

दीड महिन्यानं सर आले. माझ्यासमोर कलकत्त्याचं पत्र, फोटो आणि शंख ठेवला. ओठावरच्या खाचेवरून आपण या शंखाचं घराणं ठरवलंत, पण फोटोत खाच कुठंच नाही, असं पत्रात होतं. पुढं कल्पनाशक्तीबद्दल एक टोमणा होता. सरांनी विचारलं, "हे कसं झालं असेल?" मी म्हणालो, "मी बुजवली, सर. तुटलंय असं वाटलं."

सरांनी शंख उचलून त्याचं तोंड उजेडात धरलं. मग म्हणाले, "तेवढ्या खाचेतूनच ती गोगलगाय पाणी बाहेर टाकायची." बस्स, एवढंच. पत्राचं उत्तर त्यांनी माझ्यासमोर लिहिलं: फोटो न तपासता पाठवायला सांगितलं, चूक माझी. मी पुन्हा फोटो काढले, पण आता कलकत्त्याचा फोटोंवर विश्वास उरला नव्हता. मूळ नग पाठवा, तो आमच्याकडेच ठेवावा लागेल, असं तिथून कळवलं गेलं. आम्ही दोघांनी मिळून तो कापसात बांधला. पार्सल देताना सरांनी एकदा उघडून ओठावरून बोट फिरवलं. नवी जात मान्य झाली. शंख गेला तो गेलाच.

पुढच्या जूनमध्ये सरांनी मला वर्गात बोलावलं. खाच बुजवलेला आणि खाच असलेला, दोन्ही फोटो आणायला सांगितले. शोभा होणार, असं धरूनच मी गेलो. सर मुलांना म्हणाले, "या गृहस्थांच्या हातून चूक झाली, आणि पहिल्या प्रश्नाला त्यांनी ती कबूल केली. आमच्या शास्त्रातही अशी माणसं कमी आहेत." मग मी हकिगत सांगितली. तेव्हापासून दर जूनला मी जात राहिलो. दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, "मग तो शंख आता कुठंय?" आणि मी तोंड उघडायच्या आत सर उठून म्हणायचे, "मी तो कलकत्त्याला देऊन टाकला."

सर गेले त्या वर्षी मला बोलावणं आलं नाही. मी आपणहून गेलो. नवीन बाईंना ओळख सांगितली, फोटो फळ्याला टेकवले, सगळं सांगितलं. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "पण सर, शंख कुठाय?"

वर्गात कुणी उठलं नाही. मी म्हणालो, "तो इथं नगरात असायचा होता, बाळ. माझ्यामुळं गेला."