रुक्मिणीबाईंचं हरकत रजिस्टर

रुक्मिणीबाईंनी एकतीस वर्षं नगर परिषदेच्या आवक-जावक टेबलावर काढली. आलेल्या कागदावर नंबर टाकायचा, तारीख टाकायची, आणणाऱ्याला पोच द्यायची. तोंडी बोललेलं त्यांच्या कानात शिरायचंच नाही. नगराध्यक्ष असो की नाली तुंबली म्हणून भांडायला आलेली बाई, दोघांना उत्तर एकच, "लेखी आणा." नवरा नारायणराव हयात होते तेव्हा म्हणायचे, या बाईला चहा मागायचा तरी अर्ज करावा लागतो. निवृत्तीला पाच वर्षं झाली तरी खोड गेली नव्हती. भाजीवाला म्हणाला, उद्या चांगली वांगी आणतो, तरी त्या त्याच्याकडे संशयानंच बघायच्या.

गुरुकृपा कॉलनीतलं चौदा नंबरचं घर त्यांचं. वरच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या. कॉलनी सगळी शिकल्यासवरल्या लोकांची: मास्तर, क्लार्क, पतसंस्थेचा मॅनेजर, दोन वकील. दारोदारी नावाच्या पाट्या आणि पाट्यांवर डिग्र्या. मोताळ्याहून येणारी एसटी कॉलनीच्या कोपऱ्यावर थांबायला लागली तसे प्लॉटचे भाव चढले, आणि त्याबरोबर लोकांच्या नाकांचे शेंडेही.

गेल्या जूनमध्ये वर काजल पवार राहायला आली. ग्रामीण रुग्णालयात नर्स, सोबत सात वर्षांची मुलगी छकुली. नवरा हरिओम लोणारकडे एसटीत कंडक्टर, सुट्टी मिळाली की यायचा. रुक्मिणीबाईंनी आधार कार्ड पाहिलं, नेमणुकीचं पत्र पाहिलं, करार केला, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली आणि पोच घेतली. जात विचारली नाही. फॉर्मात तो रकानाच नव्हता, असं त्या पुढं सगळ्यांना सांगायच्या. खरं म्हणजे विचारावंसं वाटलंच नव्हतं, पण तसं म्हणणं त्यांना फार हळवं वाटत असावं.

सहा महिने सगळं सुरळीत चाललं. कॉलनीतल्या निम्म्या लोकांचं बीपी काजल जिन्याच्या पायरीवर बसून मोजून द्यायची. मग डिसेंबरात दोन घरांच्या पाण्याच्या मोटारी चोरीला गेल्या, आणि कुणाला तरी कुठून तरी कळलं की नर्सबाई बीबी गावाकडच्या पारध्यांच्या बेड्यावरची, त्यांच्या वस्तीवरची आहे. झालं. ज्या हातांनी बीपी मोजलं त्याच हातांत लोकांना मोटारी दिसायला लागल्या. मोटारी गेल्या तेव्हा काजल ड्युटीवर होती आणि दवाखान्याच्या मस्टरवर तिची सही होती. ते मस्टर पाहायला एवढ्या डिग्र्यांमधून एकही माणूस गेला नाही.

कॉलनी बचाव समिती निघाली. अध्यक्ष वैजनाथ सर, निवृत्त मुख्याध्यापक, समोरच्या अकरा नंबरात राहणारे. एक मोटार त्यांचीच गेली होती. रोज सकाळी नऊ ते अकरा, चौदा नंबरच्या फाटकासमोर सतरंज्या, भोंगा आणि घोषणा. "चोरांना थारा देणाऱ्यांचा निषेध असो" ही त्यातली सांगण्यासारखी. बाकीच्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत, पण छकुलीला त्या सगळ्या पाठ झाल्या, कारण शाळेला निघायची वेळ तीच होती. तिसऱ्या दिवशी ती जिन्यातच उलटी करून परत वर गेली. तेव्हापासून तिची शाळा बंद. समितीनं मुदत दिली: रविवारपर्यंत खोली खाली करा, नाही तर आम्ही करू.

गुरुवारी काजल खाली आली. "काकू, मी दुसरीकडं खोली पाहून राह्यली. माह्यापायी तुमाले काऊन त्रास?"

"भेटली का?"

"तीन ठिकाणी इचारलं. बेड्याचं नाव आयकलं की खोली गेली म्हणतेत."

रुक्मिणीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "करार एप्रिलच्या शेवटपर्यंत हाय. त्याच्याआधी जायचं असंन तर मले एक महिना आधी लेखी द्यावं लागते. देल्लं का तू?"

"नाही."

"मंग वर जाय अन् पोरीले जेवू घाल."

काजल गेल्यावर मात्र त्यांनी ताट बाजूला सारलं. राग आला होता त्यांना. शुक्रवारी सकाळी अर्ज लिहून त्या ठाण्यात गेल्या. ठाणेदार माणूस वाईट नव्हता, पण कचरणारा होता. म्हणाला, "शांततेत बसलेत, मॅडम. निषेध करायचा हक्क आहे त्यांना. गुन्हा कोणता लावू?"

"गुन्हा लावा म्हून मी आलीच नाही. निषेध करू द्या ना. तहसीलीपुढं बसा म्हणा, माह्या नावानं दिवसभर बोंबला म्हणा. पण हापीस अलग अन् माणसाचं दार अलग. हापिसातला माणूस संध्याकाळी घरी जाते. घरातल्या माणसानं कुठं जावं?"

ठाणेदारानं नगर परिषदेकडं बोट दाखवलं. गल्ली त्यांची, रस्ता त्यांचा. नगर परिषदेत मुख्याधिकारी पुण्याकडचा, वयानं त्यांच्या मुलासारखा. बाईंचं बोलणं ऐकून आधी तो गालात हसला. मग म्हणाला, हा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न आहे आजी, ठाण्यात जा.

"ठाण्यातूनच आली मी. हरकत नाही. तुमाले काहीच करता येत नाही, एवढं मले लेखी द्या."

"लेखी कशाला? बघतो मी."

"बघतो, हेच लेखी द्या."

रुक्मिणीबाई बाकावर बसून राहिल्या. ज्या कचेरीत त्यांनी एकतीस वर्षं लोकांना बसवून ठेवलं होतं, तिथं बसायचं कसं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पाच वाजता शिपाई दार लावायला आला तरी उठल्या नाहीत. शनिवारी नगर परिषदेला सुट्टी, तर तसाच कागद मागत ठाण्याच्या बाकावर हजर. काही करत नाही असा कागद द्यायची हिंमत दोन्हीकडं नव्हती, आणि तो कागद मागणारी बाई हलत नव्हती. शेवटी शनिवारी दुपारी दोन्ही साहेबांच्या सहीचा आदेश निघाला: रहिवासी गल्लीत कुणा एकाच्या घरासमोर ठिय्या देता येणार नाही, भोंगा लावता येणार नाही, निदर्शनं करायची त्यांनी तहसीलीसमोरच्या मैदानावर करावीत. आदेश कॉलनीच्या कोपऱ्यावर चिकटवला.

रविवारी नऊ वाजता पन्नास-साठ माणसं चौदा नंबरपुढं जमली. दोन पोलिसांनी भोंगा काढून घेतला आणि ते लिंबाखाली जाऊन उभे राहिले. सतरंजी कुणी अंथरली नाही. कॉलनीतल्या एका वकिलानं तोड काढली होती: आदेशात बसायला मनाई आहे, उभं राहायला नाही. आणि गळ्याला तर कुणी भोंगा म्हणत नाही. घोषणा सुरू झाल्या. वर काजलनं दोन बॅगा भरून ठेवल्याचं रुक्मिणीबाईंना माहीत होतं. आज ही पोरगी या जिन्यावरून उतरली तर या गावात तिला दुसरं दार उघडणार नाही, हेही माहीत होतं.

त्यांनी घरातलं टेबल ओढत फाटकाबाहेर आणलं. त्यावर नवं कोरं रजिस्टर ठेवलं. सकाळीच पट्टीनं रकाने आखले होते: अनुक्रम, नाव, घर नंबर, हरकत, पुरावा, सही. खुर्चीवर बसून त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"ज्याची ज्याची हरकत हाय त्यानं इथं येऊन लिवा. उद्या सकाळी मी स्वतः ठाण्यात नेऊन देईन. अकरा नंबर, या."

घोषणा अडखळल्या. वैजनाथ सर पुढं आले. "बाई, तुमाले ठाऊक नाही, हे लोक—"

"तोंडी नको, सर. लिवा."

सरांनी पेन घेतलं. वळणदार अक्षरात नाव लिहिलं, घर नंबर लिहिला. हरकतीच्या रकान्यात पेन टेकलं आणि थांबलं.

"काय लिवू?"

"रोज सकाळी जे बोंबलता, तेच. शब्द बदलू नका."

मागून वकील घाईघाईनं म्हणाला, "सर, सही करू नका. ॲट्रॉसिटी लागेल." सरांनी हरकतीचा रकाना पाहिला, शेजारचा पुराव्याचा पाहिला, आणि जन्मभर पोरांच्या कोऱ्या उत्तरपत्रिकांना शून्य देणारा तो माणूस पेन खाली ठेवून उभा राहिला.

"नाव खोडू का?"

"रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. राहू द्या तसंच. नऊ नंबर, तुम्ही या. बावीस नंबर."

नऊ नंबरनं चपलेकडं पाहिलं. बावीस नंबरला फोन आला, म्हणजे आल्यासारखं त्यानं केलं. बाहेरून आणलेल्या पोरांना तर घर नंबरच नव्हता. लिंबाखालचा एक पोलीस टेबलाजवळ येऊन रजिस्टरात डोकावला.

तेवढ्यात काजल दोन्ही हातांत बॅगा घेऊन जिन्यावरून खाली आली. तोंड पांढरं पडलेलं. तिनं लोकांकडं पाहिलं, मग टेबलाकडं. बॅगा खाली ठेवल्या.

"काकू, मले लिवता येईन का?"

"कॉलनीत राह्यते ना तू? येईन."

तिनं वाकून लिहिलं. घाई केली नाही. सही करून रजिस्टर बाईंकडं सरकवलं. रुक्मिणीबाई उभ्या राहिल्या आणि कचेरीतला ठराव वाचावा तशा मोठ्यानं वाचू लागल्या.

"अनुक्रम दोन. काजल हरिओम पवार. घर नंबर चौदा. हरकत: माझी मुलगी सहा दिवस शाळेत गेली नाही. उद्यापासून ती जाणार आहे. मी खोली सोडणार नाही. पुरावा: शाळेचं हजेरीपुस्तक. सही."

त्यांनी चष्म्यावरून गर्दीकडं पाहिलं. "पुढचं नाव कोणाचं?"

कोणी पुढं आलं नाही. काजलनं पेनाचं टोपण लावून ते टेबलावर ठेवलं, दोन्ही बॅगा उचलल्या आणि पुन्हा जिना चढायला लागली.