सगळ्यांचे बिबडे एकाच धोतरावर

आधीच सांगते, वाद घालायचा असेल तर खुशाल घाला. मी पेशानं लॅब टेक्निशियन. काचेखाली जे दिसत नाही ते रिपोर्टमध्ये लिहायचं नाही, ही हाताला लागलेली सवय. त्यात आम्ही बौद्ध. भूत, बाधा, अंगात येणं असलं काही कुणी आमच्या घरात बोललं की आई लाटणं घेऊनच उठायची. अशा सदरांतले अनुभव मी आजवर चहासोबत हसत हसत वाचले. आता स्वतःचाच लिहायला बसलेय... हसा तुम्हीही.

मी वाढले भुसावळजवळच्या दीपनगरला, वीज केंद्राच्या कॉलनीत. तिथं क्वार्टर मिळायचं ते नोकरीच्या ग्रेडप्रमाणे. शेजारी कोण आलंय याची चौकशी व्हायची ती फक्त त्यांच्याकडे कॅरम आहे का, एवढ्यासाठी. त्यामुळे घर शोधणं म्हणजे काय असतं, ते मला लग्नानंतर जळगावात कळलं. मी आणि माझा नवरा मिलिंद, दोघंही नोकरीवाले. फोनवर सगळं छान ठरायचं. मग हळूच प्रश्न यायचा – "पूर्ण नाव काय म्हणालात?" पूर्ण नाव सांगितलं की कुणाचा भाचा पुण्याहून राहायला यायचा, कुणाला अचानक रंगकाम काढायचं असायचं. एक बाई म्हणाल्या, "आम्ही तसलं काही मानत नाही हो, पण बिल्डिंगमधले लोक..." मी म्हटलं, मग बोलवा की त्या लोकांना, त्यांच्याशीच बोलते. त्यांनी दार लावून घेतलं.

शेवटी एजंटच कंटाळला. "ताई, एक फ्लॅट शे मेहरूणले, तलावना अंगले. पन तठे कोनी टिकत नही."

"का?"

"बाधा शे. म्हातारी वारनी तठे. सगळ्या तिले अक्का म्हनेत."

मी म्हटलं, किल्ली आणा. आता विचार करा, अख्ख्या गावातल्या जिवंत माणसांनी आम्हाला घर दिलं नाही, आणि एका मेलेल्या बाईमुळे मिळालं!

चार मजली इमारत, लिफ्ट नाही. आमचा फ्लॅट सगळ्यात वर, गच्चीच्या जिन्याला लागून. अक्काचा मुलगा पुण्याला असतो. त्यानं घर पार रिकामं करून दिलेलं, खिळासुद्धा ठेवला नव्हता. राहायला गेल्यावर पहिल्याच रविवारी भर दुपारी जिन्यावर चपलांचा आवाज आला. सावकाश, एकेका पायरीवर थांबत, वर गच्चीकडे. मी दार उघडलं. कुणी नाही. आवाज मात्र वरच्या पायऱ्यांवर चालूच होता... खोटं का बोलू, भीती वाटली. पण त्याहून जास्त राग आला. इतकी पायपीट करून मिळालेलं घर मी चपलांच्या आवाजासाठी सोडू? मी वर बघून ओरडले, "कोण आहे ते असू दे, मी कुठं जाणार नाही!" त्यानंतरही आवाज यायचा. मी दाराआड भाजी चिरत बसायचे.

पुढच्या उन्हाळ्यात अक्काच्या मुलानं फ्लॅट विकायला काढला आणि आम्हालाच घ्या म्हणाला. बँकेनं होकार दिला. अडलं ते सोसायटीच्या एनओसीपाशी. सेक्रेटरी नाना म्हणाले, "मीटिंगमध्ये ठेवू. भाड्याची गोष्ट वेगळी, मालकीची वेगळी." म्हणजे काय ते मला कळलं, आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं. मला ते घर हवं होतं. पुन्हा दारोदार पूर्ण नाव सांगत फिरायची माझी तयारी नव्हती.

त्याच दिवसांत गच्चीवर वाळवणं सुरू झाली. खानदेशात बिबडे म्हणजे वर्षभराची बेगमी. ज्वारीचं पीठ शिजवायचं, ओल्या हातानं कापडावर थापायचं, उन्हात टाकायचं. सगळ्या बायका मिळून करतात. मी आणि दीपनगरहून आलेली आई पातेलं घेऊन वर गेलो तर समोरच्या फ्लॅटमधल्या शोभाकाकूंनी मान खाली घातली आणि दुसऱ्या एकीनं बोट दाखवलं, "तुमचं तिकडं घाला, टाकीजवळ." टाकीजवळ अर्धा दिवस सावली. आईनं तिथं कापड अंथरलं. मी मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आई, ऊन तरी सोसायटीला विचारून पडतं का बघू."

दुसऱ्या दिवशी आई परत गेली. मी दवाखान्यात, मिलिंद त्याच्या शाळेच्या कामाला, आणि इमारतीतली सगळी मंडळी पहूरला एका लग्नाला. दुपारी एकदम आभाळ काळं झालं. धुळीची वावटळ, मागोमाग टपोरा पाऊस. बिबडे गेले! सुटी टाकून मी स्कूटीवर भिजत निघाले. गेटपाशी पोहोचते तोच लग्नाच्या गाड्याही आल्या. नऊवारी, पैठणी, कशाची पर्वा न करता सगळ्या जिन्यानं वर पळाल्या, त्यांच्यासोबत मी.

गच्ची मोकळी. एक बिबडा नाही, एक कापड नाही.

सगळ्या कठड्यापाशी जाऊन खाली बघू लागल्या. मग मागून आवाज आला, "त्या टाकीवाल्यांना विचारा." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "चला! माझ्या घरात चला, कपाटं उघडून बघा. पण काही सापडलं नाही तर इथंच सगळ्यांसमोर माफी मागायची." तरातरा खाली आले. दाराला कुलूप होतं. एक किल्ली माझ्या पर्समध्ये, दुसरी मिलिंदच्या खिशात. सगळ्यांच्या देखत कुलूप काढलं, दार ढकललं...

हॉलभर पसरलेलं एक मोठं पांढरं धोतर. त्यावर बिबडे. सगळ्यांचे. कोरडे, एकालाही चीर नाही. कडेला सगळ्यांची कापडं घडी घालून रचलेली. फरशीवर ओलं पाऊल नाही की धुळीचा कण नाही.

ते धोतर आमचं नव्हतं. शोभाकाकू पुढं आल्या, त्याचा काठ हातात घेतला आणि उलटून बघितला. "हाई ते आबानं धोतर शे," त्या म्हणाल्या. आबा म्हणजे अक्काचे यजमान, कधीच वारलेले. "अक्का याच्यावरच वायवन घाले. बठ्ठ्यासनं वायवन तीच राखे." सगळ्यांचं वाळवण अक्काच राखायची, हे मला तेव्हा कळलं.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की बिबडे एकमेकांत मिसळलेत. सगळे ज्वारीचे, सगळे तसलेच पांढरे. वर्षाची बेगमी समोर, आणि त्यात आमच्या हातचे कोणते ते कुणालाच सांगता येईना. "घ्या ना," मी म्हटलं, "निवडा आपापले!" बराच वेळ कुणी हात पुढं केला नाही. शेवटी शोभाकाकूंनी एक उचलला, तोडला आणि खाल्ला. खाताना रडत होत्या. दोघी-तिघी न घेताच निघून गेल्या. बाकीच्यांनी वाटून नेले.

मीटिंगमध्ये नानांनी नवीनच काढलं. "घर बाधित आहे हे सगळ्यांनी पाहिलं. आधी शांती करू, विक्रीचं नंतर बघू." मी उभी राहिले. म्हटलं, "नाना, बाधा आहे म्हणूनच घर आम्हाला मिळू दिलंत ना? भाडेकरूला चालणारी बाधा मालकाला चालत नाही, हे कुठल्या नियमात आहे? लेखी द्या, मग बघू काय करायचं ते." शोभाकाकू म्हणाल्या, "मना होकार शे." मग एकेक करत पुरेसे हात वर झाले. मनापासून किती आणि घाबरून किती, मी मोजत बसले नाही. एनओसी मिळाली. दारावर पितळी पाटी लावली – दोघांची पूर्ण नावं, ठळक अक्षरांत.

बंद कुलपातून बिबडे आत कसे आले? मला माहीत नाही. मिलिंद म्हणतो कुणाकडे तरी तिसरी किल्ली असणार. असेल. पण लग्नाहून सगळे एकदमच आले होते, आणि रिकाम्या केलेल्या घरात ते धोतर कुठून आलं, हे विचारलं की तो चहा टाकायला उठतो. मी खूप डोकं चालवलं. रिपोर्टमध्ये लिहिण्यासारखं काही हाती लागलं नाही.

परवाची गोष्ट. तळमजल्यावरचा फ्लॅट रिकामा झालाय, तो बघायला एक तरुण जोडपं आलं होतं. मुलीनं डोक्यावरून ओढणी घेतलेली, मुलाच्या हातात हेल्मेट. मी भाजी घेऊन येत होते. जिन्याच्या तोंडाशी नाना उभे. "पूर्ण नाव काय म्हणालात?" तो मुलगा जरा थांबला. त्या थांबण्यात काय असतं ते मला ठाऊक आहे. मी पिशवी खाली ठेवून तोंड उघडणार, तेवढ्यात वरून शोभाकाकू भराभर उतरत आल्या आणि नानांना मागे टाकून हातातली किल्ली दाखवत म्हणाल्या, "नाव मंग सांगतीन. चाबी मनाजोडे शे. ये पोरी, घर दखाडस."