दाजी म्हणाले, ‘घे’

दाजी कोणतीही वस्तू पाहायला गेले, की आधी वस्तूकडे पाहायचेच नाहीत. मालकाकडे पाहायचे. त्याने दिलेला चहा निवांत पीत पोरंबाळं, शेजारपाजार, पाऊसपाणी अशी चौकशी चालायची. बैल तोवर गोठ्यातच असायचा. चहा संपला की दाजींचं उत्तर तयार. “वस्तू खोटं बोलत नाही, बाबू. माणूस बोलते,” असं ते मला म्हणायचे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांची शेती साखरखेर्ड्याला, आमची अमडापूरजवळ. माझे वडील लवकर गेले. त्यानंतर घरात काहीही घ्यायचं झालं की दाजींना फोन करायचा, हे कुणी न ठरवताच ठरून गेलं.

अमडापूरच्या बाजारात एकदा एक बैलजोडी माझ्या मनात भरली होती. मालकही भला वाटला. दाजींनी माझा दंड धरला. “चाल. हा लय हासून राह्यला.” मी वाटभर फुगून बसलो. पुढे ती जोडी ज्याने घेतली, त्याच्या शेतात त्यातला एक बैल औताखालीच बसला तो उठेना. दाजींनी “पाहिलं?” असं एकदाही म्हटलं नाही. स्वतःचं खरं ठरल्यावर गप्प बसणं त्यांना जमायचं. म्हणून तर त्यांच्यासोबत निघताना मी माझं डोकं खुशाल घरी ठेवून जायचो.

मग सीताफळाची बाग वाढली. झाडांच्या ओळींतून मोठा ट्रॅक्टर जाईना आणि नवा मिनी ट्रॅक्टर परवडेना. बुलढाण्याकडच्या एका गावात जुना मिनी ट्रॅक्टर विकायला आहे, हे दाजींनीच सांगितलं. मी, माझी बायको सुमन आणि दाजी पाहायला गेलो. बॅटरी गेलेली, मागचे टायर गुळगुळीत, पोटाखाली तेलाचा डाग. सुमनने मला बाजूला घेतलं.

“मले नाही पटून राह्यलं. वरून येवढं काम दिसते, तं आत काय असन?”

दुरुस्तीची धास्ती मलाही होती. मी दाजींकडे पाहिलं. त्या दिवशी ते मालकाशी फारसं बोललेच नाहीत. थेट ट्रॅक्टरपाशी गेले आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

“सील बदल, टायर टाक, बॅटरी बसव. जुनी गाडी हाय, तेल गाळनारच. घे.”

“नक्की ना, दाजी?”

“म्या सांगून राह्यलो ना तुले!”

मी घेतला. दुरुस्ती करून घेतली. उन्हाळ्यात माझ्या भाचीचं, दाजींच्या माधुरीचं लग्न झालं. मुलगा त्या ट्रॅक्टरवाल्याचाच. सोयरीक अचानक जुळून आली, असं दाजी म्हणाले. वरातीत मी घाम निथळेपर्यंत नाचलो.

बागेतल्या हलक्या कामाला ट्रॅक्टर कुरकुरला नाही. पण सीताफळाच्या तोडणीत पहिल्यांदाच भरलेली ट्रॉली जोडली. सुमन वर क्रेटपाशी बसली होती. नाल्याचा चढ चढताना खालून कडाडकन आवाज झाला, ट्रॅक्टर मधोमध उचकटला आणि ट्रॉली मागे घरंगळत जाऊन नाल्यात कलंडली. क्रेटच्या खालून सुमनला ओढून काढलं, तेव्हा तिचा उजवा हात मनगटातून लोंबत होता.

मोडलेला भाग मी चिखलीच्या वेल्डरकडे नेला. त्याच्याकडे मला पहिल्यांदा दाजींनीच नेलं होतं. त्याने तो भाग उलटापालटा केला आणि माझ्याकडे पाहिलं.

“हे तं मीच जोडलं होतं. तुमी घ्याच्या आंधीच. तुमचे दाजीच उभे होते इथं. म्या सांगतलं होतं त्याईले, याच्यावर वजन ओढू नका मनून.”

मी तसाच साखरखेर्ड्याला गेलो. दाजी अंगणात बसले होते.

“तुमाले मालूम होतं?”

“पोरीचं तिथं जमून राह्यलं होतं. ते म्हने, तेवढा ट्रॅक्टर काढून द्या. नाही कसं म्हनू?”

“मंग मलेच काऊन? दुसरा कोनीबी भेटला असता.”

“दुसरा गावभर बोंबलला असता. तू आपला व्हता.”

ताई दारात उभी होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. दाजींनी सुमनच्या हाताची चौकशी केली. मी उठलो.

आणि त्यांचा अंदाज खरा ठरला. मी कुठेच बोंबललो नाही. कसा बोंबलणार? माधुरी त्या घरात नांदते आहे. तिला मुलगी झाली, बारशाला मी जाऊन आलो. सुमन आली नाही. तिचं मनगट वाकडंच जुळलं. भाकरी थापता थापता ती मध्येच थांबते आणि डाव्या हाताने ते दाबून धरते.

गेल्या दिवाळीआधी आम्ही म्हैस आणली. सुमननेच पाहून पसंत केली. दाजींना ते ताईकडून कळलं. त्यांचा फोन आला.

“पाहाले मले नेलं नाही?”

“घाई होती, दाजी.”

मग त्यांनी हळूच विचारलं, “दूध कसं देते?”

“बरं देते,” मी म्हणालो आणि फोन ठेवला.