नंबर विसरणारा डबा

मिलमध्ये नोकरी केली की कपड्यांवर कापसाची तूस साचते, तसे किस्सेही साचतात. कितीही झटकून घरी या, एखादा केसात अडकलेला असतोच. आमच्या खोलीतले किस्से ऐकून आता लोक हसतात, मीही हसते. तेव्हा मात्र मला कायम नोकरीची धास्ती असायची.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. सोलापुरातल्या आमच्या मिलने एक छोटा कॉम्प्युटर आणला होता. खोलीत आम्ही तिघं: हिरेमठ साहेब, मशीन चालवणारा रफिक आणि टायपिंगला मी. काम एकच. रोज सकाळी जे कामगार गैरहजर असतील त्यांच्या जागी, गेटवर उभ्या असलेल्या बदली कामगारांपैकी कुणाला आत घ्यायचं, ते नंबरवार छापून द्यायचं. मॅनेजरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बदलीवाल्यांची तक्रार आली, की मशीन परत आणि तुम्ही तिघं घरी." वडील गेल्यापासून आमचं घर माझ्या पगारावर चाललं होतं. जेवताना घास उचलला तरी ते वाक्य कानात वाजायचं.

साहेबांनी मशीनसाठी स्वतःची एक भाषा बनवली होती. ओळ टाइप केली की मशीन लगेच तसं करायचं. आकडे ठेवायला त्यात नाव दिलेले डबे होते. साहेब त्यांना व्हेरिएबल म्हणायचे, आम्ही डबेच म्हणायचो. पण नुसता डबा साहेबांना आवडायचा नाही. ते प्रत्येकाला एक स्वभाव द्यायचे. एखादा फक्त पूर्ण आकडा घ्यायचा, एखादा एकदा भरला की बदलायचाच नाही, एखादा आतला आकडा हलला की बोंब मारायचा.

"याला अ‍ॅट्रिब्यूट म्हणतात, कुंदाबाई," साहेब म्हणायचे. "एकदा स्वभाव लावून दिला, की आपल्याला बघायला नको."

आम्हाला बघायलाच लागायचं.

*

आमच्याकडे एका बदलीला दोन माग असायचे. एका सकाळी रिकामे माग असे काही निघाले, की हिशोबाने साडेतेरा माणसं लागत होती. माणसांचा डबा पूर्ण आकड्यांचा. त्याने अर्धा गुपचूप टाकून दिला आणि तेरा छापले. एक माग बंद राहिला.

मागांवरचा मुकादम, म्हणजे आमचा जॉबर, तडक खोलीत आला. साहेब शांतपणे म्हणाले, "अहो, अर्धा माणूस कुठून आणू?"

"अर्धा नको साहेब, अख्खाच द्या की," जॉबर म्हणाला. "अर्धा येळ माग चालवंल, अर्धा येळ तुमचं मशीन कुणी आणलं ते इचारंल."

मी दिवसभर तक्रारीची वाट बघत बसले. आली नाही.

*

मग कुलपाचा स्वभाव. खात्यात एकूण माग किती, हा आकडा कुणी चुकून बदलू नये म्हणून साहेबांनी त्या डब्याला कुलूप लावलं आणि अक्कलकोटला मेव्हणीच्या लग्नाला गेले. दुसऱ्याच दिवशी शेवटचे दोन माग दुरुस्तीला उचलून नेले. मी नवा आकडा टाइप केला. मशीनने छापलं, 'नाही.' पुन्हा टाइप केला. 'नाही.'

रफिक म्हणाला, "साब ताला तो लगाये, चाबी बनानाच भूल गये."

मशीनने तिथे नसलेल्या मागांवर एक माणूस नेमला. मला वाटलं, आता हा ओरडत येणार. घाबरत घाबरत मी खात्यात डोकावले. गडी मोकळ्या फरशीवर मांडी घालून भाकरी खात होता.

"इथे काय करताय?" मी विचारलं.

"मशीननं जागा दिलीया, बाई," तो म्हणाला. "लई ब्येस जागा हाय. उद्याबी हितंच टाका."

*

गैरहजर कामगारांच्या डब्याला बोंब मारण्याचा स्वभाव होता. आकडा एकाने वाढला, की मशीनला जोडलेला टेलिप्रिंटर कागदावर एक ओळ छापायचा. गड्ड्याच्या जत्रेनंतरच्या सकाळी निम्मी मिल गैरहजर. टेलिप्रिंटर जो खडखडायला लागला तो थांबेना. कागद टेबलावरून खाली, खालून दारापर्यंत. रफिक कागद गुंडाळतोय, मी घाम पुसतेय, आणि नेमके मॅनेजर चार पाहुणे घेऊन दारात.

संपलं, असं मला वाटलं. 

मॅनेजरांनी कागदाचा ढीग बघितला आणि छाती फुगवून पाहुण्यांना म्हणाले, "बघा, माणसाने इतकं काम केलं असतं का?"

*

सगळ्यात महत्त्वाचा डबा म्हणजे नंबराचा. काल बदलीवाल्यांच्या कुठल्या नंबरापर्यंत आलो, ते त्यात असायचं. त्याला साहेबांनी 'विसरू नको' असा स्वभाव दिला होता. मशीन बंद करून सकाळी सुरू केलं, तरी तो कालचा आकडा धरून ठेवायचा आणि आज पुढच्यापासून सुरुवात व्हायची.

पावसाळ्यात, साहेबांच्या सगळ्या ओळी जिच्यावर साठवल्या होत्या ती मशीनची टेप फाटली. साहेबांनी सगळं नव्याने टाइप केलं. मशीन पुन्हा नावं छापू लागलं. माणसं मोजून बरोबर, माग मोजून बरोबर. आम्ही निर्धास्त झालो.

पण गेटवरचं वातावरण बदललं. मी आत शिरताना बदलीवाले बोलायचे थांबायचे. युनियनवाले दोघं-तिघं त्यांच्यात उभे दिसायला लागले. काय बिनसलंय ते कुणी सांगेना. शनिवारी सगळे मिळून मॅनेजरांकडे जाणार, एवढंच रफिकने ऐकून आणलं. त्या आठवड्यात मला धड झोप नव्हती. आईला काही बोलले नाही.

शुक्रवारी सकाळी खिडकीशी बसप्पा आला. बदलीवाल्यांत याचा नंबर पहिला. हातात टोपी, चेहरा उतरलेला.

"बाई, माजं नाव खाली घाला."

मला कळेना. "का हो? रोज काम मिळतंय की तुम्हाला."

"तेच की. रोज मिळतंय. बाकीची समदी माज्याकडं बघत्यात. चहाच्या गाड्यावर कोन हाक मारत न्हाय. परवा तापाचं सोंग घेऊन घरात बसलो, तर काल परत माजंच नाव." त्याने मान वाकवून आत मशीनकडे बघितलं. "बाई, त्याला जरा सांगा की, काल मी येऊन गेलो म्हनून."

साहेब माझ्या मागेच उभे होते. त्यांनी हातातला कप तिथेच ठेवला. ते टेबलाशी बसले, नंबराच्या डब्याची ओळ शोधली आणि नव्याने टाइप करताना राहून गेलेला 'विसरू नको' हा स्वभाव त्याला लावला. मग इतके दिवस ज्यांचं काम बुडालं होतं, त्यांच्यापासून नंबर सुरू केला.

शनिवारी खोलीत मॅनेजर उभे होते आणि गेटवर सगळे बदलीवाले. मशीन छापत होतं, रफिक मोठ्याने नावं वाचत होता. एकेक गडी आत जात होता.  कागद थांबला. गेटवरून तक्रार आली नाही, तसे मॅनेजर निघून गेले.

थोड्या वेळाने खिडकीवर टकटक झाली. बसप्पा.

"बाई, आज माजं नाव न्हाय?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्याने टोपी डोक्यावर घातली. "मग जातो. चहाला थांबल्यात समदी."